टाल्केच्या मेणबत्त्या

वासरू मेलं ते एन्नोला ऐकू आलं नाही म्हणून. गोठ्याच्या पार मागच्या टोकाला, गवताच्या भाऱ्यांआड गाय विताना अडली होती. पहाटेपासून कण्हत असणार. एन्नो तिच्यापासून हाकेच्या अंतरावर शेणपाणी लोटत होता, आणि त्याचा उजवा कान तिच्याकडे होता. त्याची बायको गेशे धारेला आली तेव्हा गाय मान टाकून पडलेली, वासराचे पुढचे खूर बाहेर आलेले आणि त्यांच्यामध्ये जीभ, निळी पडलेली. दोघांनी दोरी लावून ओढलं. वासरू आलं ते भिजल्या पोत्यासारखं. गेशेनं त्याच्या नाकात गवताची काडी घालून पाहिली, बरगड्या चोळल्या, मागचे पाय धरून उलटं टांगलं. मग खाली ठेवलं.

"तुला ऐकू नाही आलं?"

"काय?"

"गाय ओरडत होती ती."

"पंप चालू होता," एन्नो म्हणाला.

पंप चालू नव्हता. ते दोघांनाही माहीत होतं. एन्नोनं वासरावर रिकामं पोतं टाकलं आणि फावडं उचललं.

नोव्हेंबर होता. उत्तर जर्मनीतल्या एम्स नदीच्या बांधाआड ती सगळी जमीन समुद्राहून सखल, तिथं पाऊस पडत नाही, मुरून बसतो. शेतं इतकी मऊ झाली होती की गाईनं खूर टाकला तर गुडघ्यापर्यंत जाईल. सगळी जनावरं आत, कोंदट हवेत, एकमेकींच्या वाफेत उभी. माणसंही तशीच.

एन्नोचा कान वसंतापासून बिघडला होता. आधी तो म्हणायचा, आत पाणी गेल्यासारखं वाटतं. मग फोन डाव्या कानाला लावायला लागला. मग उशीवर पिवळे डाग दिसायला लागले. गेशे अभ्रे उकळत्या पाण्यात टाकायची, तरी वास जायचा नाही. तो वास तिच्या ओळखीचा होता. खूर वरून धडधाकट दिसतो, गाय लंगडते, आणि नखाखाली सुरी घातली की जो भपकारा येतो, तसा.

"डॉक्टरकडे जा," ती म्हणायची.

"जाईन."

"कधी?"

"पाऊस थांबू दे."

त्या घरात डॉक्टरचं नाव काढणं सोपं नव्हतं. एन्नोचा बाप साध्या हर्नियासाठी इस्पितळात चालत गेला होता आणि पेटीतून परत आला. एन्नो तेव्हा शाळेत होता. आई त्यानंतर अंथरुणाला खिळली, आणि त्याला वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, टाल्केनं. त्याचे केस तिनं कापले, त्याच्या तळव्यातले काटे तिनं काढले. लग्न होऊन ती गावातच, चर्चच्या मागच्या विटांच्या घरात गेली. तिला मूल झालं नाही, आणि नवरा मरायला टेकला तेव्हा त्याला इस्पितळात न्यायलाही तिनं शेवटपर्यंत गाडी बोलावली नव्हती.

नवऱ्याच्या मागं वर्षभर टाल्के पडदे ओढून बसून राहिली. मग एका शनिवार-रविवारी ओल्डेनबुर्ग शहरात जाऊन कसला तरी वर्ग करून आली. आल्यावर बाहेरची खोली रंगवली, भिंतीवर प्रमाणपत्र टांगलं, आडवं व्हायला पलंग घेतला. कानातल्या मेणबत्त्या लावायला लागली. मेणात बुडवलेल्या कापडाची पोकळ नळी. एक टोक कानात, दुसरं पेटवायचं. ज्योत आतली घाण वर ओढते, डोकं हलकं होतं, झोप लागते, असं ती सांगायची. गावातल्या बायका जायच्या. बऱ्याच जणींना झोप लागायचीही.

वासरू गेलं त्याच आठवड्यात एन्नो तिच्याकडे जायला लागला.

एकदा गेशे सोबत गेली. खोलीत मेणाचा आणि लव्हेंडरचा वास होता, कोपऱ्यातल्या यंत्रातून लाटांचा आवाज येत होता. गेशेला हसू आलं. खरा समुद्र बांधापलीकडे आपटत होता आणि इथं तो डबीतून ऐकवत होते. एन्नो कुशीवर झाला. पायात मोजे, गमबूट दाराबाहेर. टाल्केनं त्याच्या डोक्याखाली टॉवेल सारला, केस मागं केले, नळी कानात बसवली आणि पेटवली. एका हातानं नळी धरून दुसरा तिनं त्याच्या कपाळावर ठेवला. ज्योत चरचरत खाली आली. एन्नोचा जबडा सैल झाला. गेशेनं त्याला इतकं सैल कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि का कोण जाणे, तिला त्याचा राग आला.

टाल्केनं उरलेला बुडखा विझवून कात्रीनं उभा चिरला. आत पिवळी-तपकिरी पूड आणि चिकट गोळे.

"बघ, किती निघालं."

एन्नोनं उठून बसत पाहिलं. गेशेनंही पाहिलं. मग ती एन्नोच्या उजव्या बाजूला जाऊन हळूच म्हणाली, "एन्नो, चल."

तो टॉवेलाची घडी घालत राहिला.

"ऐकू तर अजून येत नाही," गेशे टाल्केला म्हणाली.

"एवढी वर्षं साचलंय ते एका दिवसात कसं निघेल?"

"आणि त्याच्या कानातून पाणी येतं त्याचं काय?"

"येऊ दे की. वाट मोकळी होतेय." टाल्के शांतपणे हात पुसत होती. "तुला विश्वास नाही तर नसू दे, गेशे. कान त्याचा आहे."

गेशेनं डॉक्टर गाठला. लेअर शहरातल्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात फोन करून करून तिनं डिसेंबरातली वेळ मिळवली. त्या सकाळी एन्नोचे चांगले कपडे खुर्चीवर काढून ठेवले. एन्नो गोठ्यातून आलाच नाही. ती बघायला गेली तर तो जनावरांच्या डॉक्टरशी बोलत उभा, एका गाईचा पाय दोरीनं वर बांधलेला.

"लंगडत होती," तो म्हणाला.

"तिला तासाभरात डॉक्टर मिळतो."

"ती दूध देते," एन्नो म्हणाला. जनावरांचा डॉक्टर हसला. गेशे हसली नाही. तिनं घरात येऊन कपडे परत कपाटात लावले.

संध्याकाळी तो टाल्केकडे गेला आणि एक मेणबत्ती घरी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी टाल्के येऊन लावणार होती, कारण त्याला आता सायकलवर तोल सावरेना. ती मेणबत्ती गेशेनं पाहिली, उलटसुलट केली. आणि मोहरीच्या रिकाम्या काचेच्या ग्लासात उभी धरून पेटवली. एन्नो समोर सूप पीत होता.

"काय करतेस?"

"ग्लासाचा कान साफ करते."

ज्योत तशीच चरचरत खाली आली. तिनं बुडखा विझवला, कात्री घेतली, उभा चिरला आणि बशीत घालून त्याच्यापुढं ठेवला. तीच पिवळी-तपकिरी पूड, तेच चिकट गोळे.

"हे मेण आहे, एन्नो. तिच्याच मेणबत्तीचं. तुझ्या कानातलं नाही."

एन्नोनं बोटानं गोळा दाबून पाहिला. बोट पँटला पुसलं. मग चमचा उचलून सूप संपवलं. "ग्लासाला बरं वाटलं असेल," एवढंच म्हणाला.

रविवारी टाल्के चहाला आली. तिनं आणलेली मेणबत्ती घेऊन गेशेनं तिच्यासमोरही तेच केलं. करायला नको होतं, निदान चहाच्या वेळी तरी, हे तिला ग्लास टेबलावर ठेवतानाच कळत होतं. त्या मुलखात चहाचे तीन कप होतात. कपात खडीसाखरेचा खडा टाकून वर गरम चहा ओततात, तो तडकतो, मग कडेनं साय सोडतात. तिसऱ्या कपाआधी उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं. टाल्केनं पहिला कप अर्धा प्यायला होता. तिनं बशीतली पूड पाहिली. तिचा चेहरा मानेपासून लाल होत गेला.

"ज्योत जिथं असेल तिथलं ओढते," ती म्हणाली. "तुझ्या स्वयंपाकघरातलं ओढलं तिनं."

"माझं स्वयंपाकघर इतकं घाण आहे?"

"मी असं म्हटलं नाही."

"मग काय म्हणालीस?"

"तू मला खोटारडी म्हणतेस का, गेशे? सरळ म्हण."

"खोटारडी नाही म्हणत. तुला कुणीतरी फसवलं आणि तू एन्नोला फसवतेस."

टाल्के उठली. कपात उरलेला चहा हलला. तिनं कोट घातला, बटणं लावली, अगदी खालच्यापासून वरच्यापर्यंत, आणि भावाकडे पाहिलं. एन्नो डावा कान पुढं करून बसला होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

"मी सोडून येतो तुला," तो म्हणाला, आणि भिंतीला धरून उठला.

त्यानंतर घरात मेणबत्तीचा विषय निघाला नाही. एन्नो जायचा. कुठं जातो ते सांगायचा नाही, ती विचारायची नाही. फक्त अंगाला लव्हेंडरचा वास यायचा, आणि त्याच्याखाली तो दुसरा. नाताळात गावच्या मंडळाच्या जेवणाला लोक त्याच्याशी ओरडून बोलायला लागले, लहान मुलाशी बोलावं तसे शब्द सुटे करून. कुणीतरी विनोद केला, सगळे हसले, एन्नोही हसला, पण इतरांच्या मागून. गेशेनं टेबलाखाली त्याच्या मांडीवर हात ठेवला. त्यानं तो उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

जानेवारीत थंडी पडली. पाऊस थांबला आणि शेतातल्या पाण्यावर बर्फाची पातळ कातडी धरली. त्या पहाटे दोघं दूध काढायच्या खड्ड्यात उभे होते. वर दोन्ही बाजूंना गाईंच्या रांगा, डोळ्यांच्या उंचीवर कासा. एन्नो एकेक सड पुसून यंत्राचे कप चढवत होता. गेशे त्याच्याकडे पाठ करून होती. मागं काहीतरी पडलं. वळली तर कप जमिनीवर हवा ओढत सुस्कारतायत, आणि एन्नो दोन्ही हातांनी लोखंडी नळीला लटकलेला.

"एन्नो?"

"फिरतंय," तो म्हणाला. "धर. सगळं फिरतंय."

तो गुडघ्यांवर बसला आणि ओकला. वरची गाय बुजून पाय झाडायला लागली, शेणाचा फवारा दोघांच्या अंगावर आला. गेशेनं त्याचं तोंड धरून वर केलं. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळली होती. उजवा डोळा मिटत नव्हता. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि त्याला ती कळत नव्हती.

तिला वाटलं, मेंदूचा झटका. तिनं त्याला खड्ड्याच्या भिंतीला टेकवलं, रुग्णवाहिका बोलावली, आणि ती येईपर्यंत उरलेल्या गाईंचे कप काढले, कारण न काढले तर सड फाटतात. हात करत होते. आपण हे करतोय याची तिला नंतर लाज वाटली, पण तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.

झटका नव्हता. इस्पितळातली तरुण डॉक्टरीण पडद्यावर काळी-पांढरी चित्रं दाखवत म्हणाली, "कानाच्या पडद्यामागं कातडीची गाठ वाढत गेलीय. लाकडाला कीड लागते तसं ती हाड खाते. ऐकायची हाडं गेली. तोल सांभाळणाऱ्या नळीला भोक पडलंय, चेहऱ्याच्या नसेवर दाब आहे. वरचं हाड कागदाइतकं उरलंय, आणि त्याच्यावर मेंदू आहे. लगेच शस्त्रक्रिया करावी लागेल."

"कान?" गेशेनं विचारलं.

"तो वाचवण्याच्या पलीकडे आहे. वर्षभरापूर्वी आले असते तर..." डॉक्टरीण थांबली. "पाणी कधीपासून येतंय?"

"वसंतापासून."

"आणि काय उपचार केलेत?"

पलंगावरून एन्नो वाकड्या तोंडानं म्हणाला, "बहिणीकडे जात होतो."

"तुमची बहीण डॉक्टर आहे?"

"नाही," एन्नो म्हणाला. "बहीण आहे."

शस्त्रक्रिया चालू होती तेव्हा टाल्के आली. तोच कोट, वरपर्यंत बटणं. हातात चहाचा थर्मास. ती गेशेच्या शेजारी बसली, पण मधे एक खुर्ची सोडून. समोरून कुणीतरी चाकाची खाट ढकलत नेली. टाल्केनं दोन्ही हातांनी थर्मास धरला होता, उघडला नाही.

"मी त्याला जाऊ नको असं कधी म्हटलं नाही," ती म्हणाली. "डॉक्टरकडे."

"जा असंही नाही म्हणालीस."

"त्याला बरं वाटायचं, गेशे. तू पाहिलंस की."

गेशेला वाटलं होतं, हा क्षण आला की आपल्याला काहीतरी मिळेल. इतक्या महिन्यांचं ओझं टाल्केच्या पायाशी आदळून टाकता येईल. तिनं शेजारी पाहिलं. म्हातारी होत चाललेली एक बाई, नखांच्या कडेला मेण सुकलेलं. गेशे उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

एन्नो घरी आला तो फेब्रुवारीत. कानामागं कोयत्यासारखा व्रण, तिथले केस भादरलेले. चेहरा निम्मा परतला होता. चहा पिताना ओठाला फडकं धरावं लागे. अंधारात त्याला चालता येईना, धारेला उतरणं तर दूरच. शेजारगावचा एक गडी सकाळचा येऊ लागला, संध्याकाळचं गेशे एकटी काढायची. खांदे रात्री वर होत नसत.

एक दिवस दुपारी ती त्याच्या व्रणावर मलम लावत होती. तो समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाला, "तू ग्लासात लावलीस ना, त्याच दिवशी पटलं होतं मला."

गेशेचं बोट थांबलं. "मग गेलास कशाला?"

"ती वाट बघायची. खिडकीत उभी असायची, मी दिसलो की आत जाऊन मेणबत्ती काढायची. मला दिसायचं ते." त्यानं लाळ पुसली. "आणि तिथं माझ्याकडे कुणी काही मागत नव्हतं."

"मी काय मागत होते?"

"बरा हो म्हणत होतीस," एन्नो म्हणाला.

तिनं मलमाचं झाकण लावलं. ते नीट बसेना, तिनं पुन्हा फिरवलं.

"तिला काही बोलू नकोस," तो म्हणाला. "गावात तर नकोच. तिच्याकडे तेवढंच आहे आता. माझं काय व्हायचं ते झालं. बोलणार नाहीस ना?"

"नाही बोलणार," गेशे म्हणाली.

टाल्के अधूनमधून यायची. भावासाठी मऊ शिजवलेला कोबी आणायची, तो खाईपर्यंत बसायची, गेशेशी हवेबद्दल बोलायची. बाहेरच्या खोलीचं काय चाललंय हे गेशे विचारत नव्हती. ती धरून चालली होती की ते बंद झालं असेल. माणूस एवढं पाहिल्यावर बंदच करेल.

मार्चात एका सकाळी ती सायकलवरून बेकरीतून येत होती. चर्चमागच्या गल्लीत टाल्केच्या फाटकाशी फ्राउके उभी होती, शाळेच्या बसच्या ड्रायव्हरची बायको. कडेवर धाकटी मुलगी, वूल्के. मुलीनं टोपी कानावर ओढून धरली होती आणि आईच्या गळ्यात तोंड खुपसलं होतं. टोपीखालून कापसाचा बोळा दिसत होता, कडेला पिवळा.

गेशे पुढं गेली. गल्लीच्या वळणापर्यंत गेली. मग पाय टेकवून थांबली, सायकल वळवली.

"फ्राउके," ती म्हणाली, "कान दुखतोय का तिचा?"

"रडतेय गं सारखी. डॉक्टरची औषधं झाली, परत आलंच. टाल्के म्हणाली, घेऊन ये."

"वास येतो?"

फ्राउके ओशाळली. "थोडा."

"एन्नोच्या कानाला यायचा. आम्ही हिवाळाभर इथं येत राहिलो." गेशेचा आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "त्यातून काही निघत नाही, फ्राउके. निघतं ते मेणबत्तीचंच मेण असतं. मी रिकाम्या ग्लासात लावून पाहिलंय. त्याचा कान गेला. जीव जाता जाता वाचला. हिला आत्ताच्या आत्ता लेअरला ने, दवाखान्यात वेळ नाही म्हणाले तर इस्पितळात जाऊन बस. उठू नकोस."

फ्राउके तिच्याकडे पाहत राहिली. मग तिच्या खांद्यावरून मागं पाहायला लागली. गेशेला वळायची गरज नव्हती. तरी ती वळली. टाल्के दारात उभी होती, पांढरा एप्रन घालून, हातात घडी घातलेला टॉवेल. तो तिनं छातीशी धरला. आत गेली आणि दार लावून घेतलं, आपटलं नाही. थोड्या वेळानं आतल्या लाटांचा आवाज बंद झाला.

"मी आता काय करू?" फ्राउके म्हणाली.

"बस गाठ," गेशे म्हणाली.

घरी येताना वारा समोरून होता. बांधावर मेंढ्या चरत होत्या, ओल्या लोकरीत एकमेकींना खेटून. सायकलच्या टोपलीतले पाव गार झाले होते.

स्वयंपाकघरात एन्नो कोचावर आडवा होता. दुपारच्या जेवणाआधी तो आता झोपत असे. फोन टेबलावर पडलेला, रिसीव्हर जागेवर नीट ठेवलेला नव्हता. गेशेनं तो ठेवला. म्हणजे टाल्केचं सांगून झालं होतं.

"एन्नो, मी बोलले," ती म्हणाली. "मला बोलावंच लागलं."

तो तिच्याकडे पाहत होता. उजवा डोळा अजून पुरता मिटत नसे, त्यामुळे रागावलाय की रडतोय ते कळत नव्हतं. मग त्यानं हळूहळू कूस बदलली. कोचाच्या पाठीकडे तोंड केलं, डावा कान उशीत दाबला, आणि वर राहिला तो उजवा, व्रणाचा.

गेशे खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली. त्या कानाला तिनं सगळं सांगितलं. गल्लीच्या वळणापर्यंत गेले होते ते, मुलीनं टोपी कशी धरली होती ते, बोळ्याचा रंग, टाल्केच्या हातातला टॉवेल. मुलीचं नाव वूल्के आहे, हेही सांगितलं. त्याची पाठ श्वासाबरोबर वरखाली होत होती. झोपलेल्या माणसाची नव्हती ती पाठ.

मग तिनं उठून बटाटे चुलीवर चढवले.